सरांचा नेहमीचा चेहरा

१

सोमवारी सकाळी बसड्रायव्हर पहिली फेरी संपवून पिरोश्काच्या केकच्या दुकानात कॉफी प्यायला आला आणि म्हणाला, "वेंडेल सर कुठे गेले?"

शाळेत असतील, पिरोश्का म्हणाली. आत्ताच कॉफी पिऊन गेले.

"ते नव्हेत. काचेतले."

पिरोश्का एप्रनला हात पुसत बाहेर रस्त्यावर गेली. दुकानाच्या दर्शनी काचेत फेब्रुवारीपासून बारावी 'ब'चा ताब्लो उभा होता. तिसाहालोम गावात शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक वर्गाचा ताब्लो दर वसंतात कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या काचेत लागतो. मोठी चौकट, निळा कागद, खाली मुलामुलींचे फोटो, वर शिक्षकांचे, आणि प्रत्येकाखाली नाव. जाणारे येणारे थांबून बघतात, कोणाचा मुलगा किती वाढला ते ठरवतात आणि पुढे जातात. वरच्या ओळीत मधोमध 'तारनोत्सी वेंडेल, गणित' हे नाव होतं. नावाच्या वर मात्र काहीच नव्हतं.

पिरोश्काने बोरीला फोन लावला.

सेकेरेश बोरी ही जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या शाळांची फोटोग्राफर. पंचेचाळिशी ओलांडलेली, आवाज मोठा, गुडघे कुरकुरणारे, कारण या धंद्यात अर्धा दिवस लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढावा लागतो. तिच्या गाडीत एक राखी पडदा, एक गोल स्टूल, दोन दिवे, आरसा, कंगवे, विसरभोळ्या मुलांसाठी एक टाय आणि विसरभोळ्या मुलींसाठी खलाशी कॉलरचा एक पांढरा ब्लाउज कायम असायचा. त्या एका टायमध्ये अर्ध्या जिल्ह्याने शाळा सोडली होती.

फोन आला तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती आणि स्टुलावर पहिलीतला एक मुलगा ओठ घट्ट मिटून बसला होता. त्याचे पुढचे दोन दात पडले होते. बोरीने त्याला विचारलं की त्या फटीतून शिट्टी वाजते का, आणि त्याने वाजवून दाखवताच बटण दाबलं. मग पिरोश्काला सांगितलं, रांग संपली की येते. रांग मोडून ती कुठेही जात नसे.

ती पोचली तेव्हा दुकानात यूडितबाई आधीच आल्या होत्या. यूडितबाई बारावी 'ब'च्या वर्गशिक्षिका. शिकवायच्या इतिहास, पण तारखा तपासण्याआधीच निकाल देऊन टाकायच्या. त्यांच्या मते यात शोधण्यासारखं काही नव्हतं. वर्गातली एमेशे शनिवार-रविवार याच दुकानात काम करते. रविवारी पिरोश्का बहिणीकडे गेली होती आणि दुकानाची किल्ली एमेशेकडे होती. अकरावीत वेंडेल सरांनी तिला गणितात नापास केलं होतं. आणि जानेवारीत, फोटो काढायच्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर ती म्हणाली होती, "चार महिने ह्यांचा चेहरा माझ्या डोक्यावर लटकणार?"

"ती काय म्हणते?" बोरीने विचारलं.

काहीच म्हणत नाही, यूडितबाई म्हणाल्या. घेतला नाही असंसुद्धा म्हणत नाही. जमिनीकडे बघत राहते. सर या वर्षी निवृत्त होतायत, त्यांचा हा शेवटचा ताब्लो, आणि त्यांच्याच चेहऱ्याच्या जागी भोक.

"शुक्रवारपर्यंत खरं बोलली नाही," यूडितबाई म्हणाल्या, "तर निरोपाच्या मिरवणुकीत एमेशे चालणार नाही. बाकीचे चालतील, ती फाटकाबाहेर उभी राहून बघेल."

पिरोश्काच्या हातातला चिमटा ताटलीवर पडला. एमेशेचा बाप परदेशात, लिंझच्या कारखान्यात होता आणि एरवी फक्त नाताळला घरी यायचा. मुलीला खांद्यावर निरोपाची पिशवी अडकवून गावातून चालताना बघायला त्याने या शुक्रवारची सुट्टी घेतली होती. तिकीट काढून झालं होतं.

२

बोरीने ताब्लो काचेतून काढून टेबलावर पालथा ठेवला. चौकटीच्या पाठीला तिने स्वतः लावलेली तपकिरी कागदी पट्टी होती. ती वरच्या बाजूने कापलेली दिसली, तशी तिची अपेक्षाच होती. पाठ दुकानाच्या आतल्या बाजूला असते, त्यामुळे आतून कोणीही ती उघडू शकतो. मागचा पुठ्ठा बाहेर ओढला की निळा कागद हातात येतो.

पण कापलेल्या तपकिरी पट्टीवर आणखी एक पट्टी होती, पारदर्शक. ती बोरीने लावलेली नव्हती. तिची दोन्ही टोकं मोजपट्टी ठेवून कापावीत तशी सरळ होती आणि ती चौकटीच्या कडेला अगदी समांतर बसवलेली होती. आणि मग ही पारदर्शक पट्टीसुद्धा कापली होती, पण वेडीवाकडी, दातेरी सुरीने. कापाच्या कडांना पिठीसाखर चिकटली होती. हा काप तसाच उघडा टाकून दिला होता.

म्हणजे ताब्लो दोनदा उघडला होता. एकदा कोणीतरी तो उघडून नीट बंद केला होता. दुसऱ्यांदा कोणीतरी उघडून तसाच सोडला होता.

पिरोश्काने विचारलं, काही कळतंय का. बोरी म्हणाली, दोन माणसं कळतायत, पण चेहरा एकाचाही नाही.

तिने निळा कागद बाहेर काढून खिडकीशी धरला. हे दुकान दक्षिणेला तोंड करून आहे. काचेत दिवसभर ऊन असतं आणि हा निळा कागद स्वस्तातला होता. दोन महिन्यांत त्याचा रंग पार उडाला होता. जिथे फोटो चिकटलेले होते तिथेच, त्यांच्या खाली, मूळचा गडद निळा राहिला असणार. वेंडेल सरांची जागा आता उघडी होती आणि तिथे तो गडद निळा दिसत होता.

बोरी बराच वेळ बघत राहिली. मग कागद टेबलावर ठेवून तिने पुन्हा बघितलं.

ती जागा लंबगोल होती. या वर्षीच्या ताब्लोसाठी बोरीने एकही फोटो लंबगोल कापला नव्हता. सगळे चौकोनी होते, सरांचासुद्धा. लंबगोलाच्या बाहेर, उडालेल्या निळ्यावर, डिंकाचे चार ठिपके होते, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. तिनेच लावलेले.

तिने काढलेला चौकोनी फोटो तिथे होता. पण फार दिवस नव्हता.

३

वेंडेल सरांच्या फोटोची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणीच तिचा विचार करत नव्हतं. सरांनी तिशीत, बोरीच्या वस्तादाकडून, एक फोटो काढून घेतला होता. काळे दाट केस, जाड चष्मा, गंभीर तोंड, लंबगोल कापलेला. त्याच्या प्रती त्यांनी पाकिटात घालून ठेवल्या आणि दर वर्षी ताब्लोसाठी त्यातली एक दिली. शिक्षकांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही हे बोरीला रोजच दिसायचं. मुलं नाक मुरडतात पण बसतात. शिक्षक म्हणतात, मागच्या वर्षीचाच लावा. वेंडेल सरांचा मागच्या वर्षीचा म्हणजे तीन दशकांपूर्वीचा. बोरीच्या स्वतःच्या वर्गाच्या ताब्लोतही तोच होता.

या जानेवारीत मात्र वेगळं घडलं. सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून लंबगोल काढून बोरीपुढे धरला आणि म्हणाले, हा घे, पाकिटातला शेवटचा उरलाय. तेवढ्यात सगळी बारावी 'ब' ओरडली की चालणार नाही, आमच्या ताब्लोत आत्ताचे सर हवेत. सर वैतागले, पण बसले. फोटो परत खिशात गेला. स्टुलावर ते खांब पुरल्यासारखे ताठ होते. बोरीने तिची सगळी हत्यारं वापरून पाहिली, एकही चाललं नाही. मग रांगेतून एमेशे काहीतरी म्हणाली. बोरी कॅमेऱ्यामागे होती, तिला शब्द कळले नाहीत. पण सर हसले, आणि ते हसू तिने पकडलं. चौसष्ट वर्षांचा, टकलाचा, डोळ्यांभोवती सुरकुत्यांची जाळी आलेला माणूस, मनापासून हसणारा. बोरीला तो तिचा वर्षातला सगळ्यात चांगला फोटो वाटला होता.

मंगळवारी ती हायस्कूलमध्ये गेली. तिथल्या वऱ्हांड्यात जुने ताब्लो ओळीने टांगलेले असतात. तिने प्रत्येकातला वेंडेल सरांचा लंबगोल तपासला. सगळे जागच्या जागी होते, धुळीसकट. काचेत लागलेला लंबगोल इथून कोणी नेलेला नव्हता.

यूडितबाई तिला तिथेच भेटल्या. बोरीने त्यांना एकच गोष्ट विचारली. सोमवारी गेला तो फोटो कसा होता?

कसा म्हणजे, यूडितबाई म्हणाल्या. नेहमीचा. काळ्या केसांचा.

"बाई, तुम्ही जानेवारीत तिथेच उभ्या होतात. मी नवा काढला होता."

 यूडितबाई सावकाश म्हणाल्या की हो, काढला होता खरा. त्या रोज त्या काचेवरून जात होत्या. बोरीही जात होती. गाव जात होतं. सगळ्यांनी तो चेहरा इतकी वर्षं इतक्या काचांमध्ये पाहिला होता की तो तिथे नसायला हवा हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"म्हणजे एमेशेने आधी नवा चोरला आणि आता जुनाही?" यूडितबाई म्हणाल्या.

बोरी म्हणाली, तिच्याकडे जुना आला कुठून, ते आधी सांगा.

 यूडितबाईंनी शुक्रवारचा निर्णय मात्र बदलला नाही. मुलीने तोंड उघडावं, त्या म्हणाल्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

४

एमेशे नदीकाठच्या बाकावर पोगाचा, खारट छोटे पाव, खात बसली होती. मांडीवर गणिताचं पुस्तक होतं. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. बोरी शेजारी बसली. तिने काही विचारण्याआधीच मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही सरांचा फोटो परत छापणार ना? जानेवारीतला?"

बोरीने तिच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न आतापर्यंत दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता. सगळ्यांना चोर हवा होता. फोटो हवा होता तो फक्त हिला, जिला तो चेहरा नको होता असं सगळे म्हणत होते.

"बाई म्हणतात, आधी चोर, मग फोटो," बोरी म्हणाली. "आणि सर म्हणतात, जागा रिकामीच ठेव, शून्य हाही आकडाच आहे."

"सरांचं काय ऐकायचं."

"तू ऐकतेस की. पुस्तक उघडं आहे."

एमेशे हसली आणि लगेच गंभीर झाली. बोरीने विचारलं की रविवारी काय झालं. एमेशे म्हणाली, तिने काच धुतली. दर रविवारी बाहेरून तीच धुते, पिरोश्काकाकू मागच्या गल्लीतल्या दाराने येतात आणि आतून फक्त ताब्लोची पाठ बघतात. मग एकदम गप्प झाली, जास्त बोलल्यासारखी.

बोरीने विचारलं, जानेवारीत रांगेतून काय म्हणाली होतीस, ज्यावर सर हसले.

"ते नाही सांगणार."

"का?"

"सरांना विचारा," एमेशे म्हणाली. आणि मग पुस्तकात बघत, "मिरवणुकीत नाही चालले तरी चालेल मला. बाबांना सांगीन पाय मुरगळला."

तिने ते इतक्या सरळ आवाजात म्हटलं की बोरीला खात्री पटली. काल संध्याकाळपासून आरशासमोर उभी राहून हिने हे वाक्य पाठ केलेलं असणार. ही मुलगी स्वतःला वाचवत नव्हती. दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होती, आणि तिच्या बापाची गाडी शुक्रवारी सकाळी येणार होती.

५

बुधवारी पिरोश्काचं दुकान रिकामं होतं. तिने बोरीपुढे क्रेमेश ठेवलं, दोन पापुद्र्यांमधलं व्हॅनिलाचं जाड पिवळं क्रीम डुलत होतं, आणि स्वतः समोर बसली. तिला रडू येत होतं पण ती केकवाली होती, दुकानात रडत नसे.

अगं, ती मुलगी सरांवर चिडलेली नाही, ती म्हणाली. नापास झाली ते खरं. पण मागच्या सगळ्या उन्हाळ्यात सरांनी तिला इथे, या कोपऱ्यातल्या टेबलावर शिकवलं. रोज. एक पैसा घेतला नाही. शाळेत कोणाला सांगायचं नाही ही सरांची अट, कारण मग सगळेच येतील. दोघं भांडायची, वह्या आपटायची, आणि मी दोघांना आंबट चेरीचा केक घालून शांत करायचे. डोक्यावर चेहरा लटकणार म्हणाली ती थट्टा होती. सर ती ऐकून मिशीत हसले होते.

"सरांना मिशी कुठे आहे?"

"नसली तरी तसेच हसतात," पिरोश्का म्हणाली, आणि तिच्या गालांवर रंग चढला.

बोरीने क्रेमेशचा तुकडा तोडला. सर रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून येतात हे गावाला माहीत होतं. पिरोश्का तेव्हा मागे भट्टीपाशी असते आणि सर स्वतःच कॉफी ओतून घेतात, काचेजवळच्या टेबलावर, ताब्लोच्या पाठीशी.

तिने पिरोश्काला विचारलं की रविवारी एमेशे एकटी होती तेव्हा एरवी जे करत नाही असं काही करावं लागलं का. पिरोश्का विचार करून म्हणाली, व्हॅनिलाची साखर. दुकानातली संपली होती. एरवी मीच आतल्या कपाटातून काढते, पण मी बहिणीकडे, म्हणून फोनवर सांगितलं, तूच काढ.

"ते कपाट दाखव."

पिरोश्का उठली नाही. तिने एप्रनची गाठ सोडली आणि परत बांधली.

"त्यात माझं खाजगी आहे," ती म्हणाली.

"पिरोश्का, मुलगी फाटकाबाहेर उभी राहील."

मग ती उठली. कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, साखरेच्या डब्यांच्या उंचीवर, चार टाचण्यांनी लावलेला एक चौकोनी फोटो होता. वेंडेल सर, टकलाचे, सुरकुत्यांचे, मनापासून हसणारे. कोपऱ्यांवर डिंकाचे चार ठिपके होते.

"त्यांनी दिला," पिरोश्का म्हणाली. "फेब्रुवारीत. मला वाटलं, तू त्यांना एक प्रत दिलीस."

बोरीने त्यांना प्रत दिली नव्हती. त्यांनी मागितलीच नव्हती.

६

गुरुवारी बोरी हायस्कूलमध्ये नववीचे फोटो काढत होती. शेवटचा मुलगा टाय परत देऊन गेला, तिने दिवे तसेच ठेवले आणि वेंडेल सरांना बोलावणं पाठवलं. ते आले, स्टूल पाहिलं आणि दारातच थांबले.

"बसा सर."

"पुन्हा? एकदा झालंय."

"झालंय. आता ते कपाटाच्या दारावर आहे, साखरेच्या डब्यांपाशी."

सर बसले. बोरीने कॅमेरा हातात घेतला नाही. ती त्यांच्यासमोर खोक्यावर बसली आणि कसं जुळलं ते सांगितलं. डाग लंबगोल होता, म्हणजे काचेत दोन महिने जुना फोटो होता. वऱ्हांड्यातले सगळे लंबगोल जागेवर आहेत आणि सरांचं पाकीट संपलं होतं. जगात सुटा लंबगोल एकच उरला होता, आणि तो जानेवारीत तिच्या डोळ्यांसमोर सरांच्याच कोटाच्या खिशात परत गेला होता. काचेजवळच्या टेबलावर रोज सकाळी एकटे बसणारेही तेच. आणि पारदर्शक पट्टी.

"पट्टीचं काय?"

"इतकी समांतर पट्टी गावात दुसरा कोण लावेल?"

 सर म्हणाले की त्यांना प्रत मागायची होती, पण जमलं नाही. जन्मभर त्यांनी फोटोंची टिंगल केली, आता कोणत्या तोंडाने मागणार. आणि मागितली असती तर बोरीने कोणासाठी म्हणून विचारलं असतं.

"मी कोणाला सांगितलं नसतं, सर."

"तू तुझ्या आईची मुलगी आहेस. दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये आलं असतं."

बोरीने हे नाकारलं नाही. तिने विचारलं, एमेशे रांगेतून काय म्हणाली होती.

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणाली, सर, पिरोश्काकाकूंनी तुमच्यासाठी आजचं शेवटचं क्रेमेश झाकून ठेवलंय, स्वतः खाल्लं नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "मग मी विचार केला, ते हसू काही वर्गाचं नाही. ज्याचं त्याला द्यावं. जागा रिकामी दिसू नये म्हणून नेहमीचा लावला. कोणाला कळलं नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं, खरं सांगू तर. पण मग नेहमीचा कोणी नेला, ते मला कळलेलं नाही. मुलांनी नेला असेल, म्हटलं जाऊ दे."

"एमेशेने."

सर चमकले. बोरीने सांगितलं की साखर काढताना मुलीला कपाटात तो फोटो दिसला. मग तिने काच धुताना वर पाहिलं आणि गावात पहिल्यांदा कोणीतरी खरोखर पाहिलं. जुना चेहरा काचेत असेपर्यंत नवा कोणी छापणार नाही हे तिला कळलं. भोक पडलं तर बोरी तिच्याकडच्या मूळ फोटोवरून परत छापेल, सरांचं नाव कुठे येणार नाही, काकूंचं कपाटही कोणाला कळणार नाही. केकच्या सुरीने कापून तिने लंबगोल काढून घेतला. हिशेब चोख होता. फक्त यूडितबाई त्यात धरायच्या राहिल्या.

"यूडितचा काय संबंध?"

यूडितबाईंनी सरांना दुखवायचं नाही म्हणून हे सांगितलंच नव्हतं. बोरीने सांगितलं. तोंड उघडलं तर तुमचं कपाटातलं बाहेर येईल, म्हणून एमेशे गप्प आहे, बोरी म्हणाली. उद्या फाटकाबाहेर उभी राहणार आहे. बापाला पाय मुरगळला म्हणून सांगणार आहे.

वेंडेल सर उठले. कोट घ्यायलाही थांबले नाहीत. वऱ्हांड्यात त्यांच्या बुटांचा आवाज स्टाफरूमपर्यंत ऐकू आला, मग दार वाजलं.

आत काय बोलणं झालं ते यूडितबाईंनी नंतर स्वतःच बोरीला सांगितलं. सर सगळ्या शिक्षकांसमोर उभे राहून म्हणाले की माझा फोटो मीच चोरला, एका बाईला देण्यासाठी, आणि ती बाई केक करते.  यूडितबाईंनी विचारलं की मग मिरवणुकीतून तुम्हाला काढायचं का. सर म्हणाले, काढा, पण मुलगी चालेल.

त्याच संध्याकाळी यूडितबाई एमेशेच्या घरी जाऊन आल्या. माफी मागितली की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की मुलीच्या आजीने पोगाचा बांधून दिले, आणि ते छान होते.

७

शुक्रवारी बारावी 'ब' शाळेतून निघाली. प्रत्येकाचा एक हात पुढच्याच्या खांद्यावर, खांद्याला छोटी पिशवी, हातात मावणार नाहीत इतकी फुलं. रांग गाणं म्हणत वर्गावर्गातून फिरली आणि मग मुख्य रस्त्यावर आली. एमेशे मधोमध होती, खलाशी कॉलरचा ब्लाउज नीट इस्त्री केलेला. फुटपाथवर तिचा बाप रांगेच्या बरोबरीने उलटा चालत होता, तिच्यावरची नजर काढायची नाही म्हणून, आणि लोक त्याला वाट करून देत होते.

बोरी कॅमेरा घेऊन पिरोश्काच्या दुकानासमोर उभी होती. या दिवसासारखा दिवस तिच्या वर्षात नव्हता. कोणाला हनुवटी खाली घ्यायला सांगावं लागत नाही, कोणाचे केस सारखे करावे लागत नाहीत. पहिलीत दात पडलेल्या तोंडाने तिच्या स्टुलावर बसलेली पोरं आता तिच्यापेक्षा उंच होऊन पुढून जात होती, आणि तिला प्रत्येकाचा तो पहिला फोटो आठवत होता.

काचेत ताब्लो परत लागला होता. बोरीने नवा फोटो छापून चौकोनाच्या चार ठिपक्यांवर बरोबर बसवला होता. सर वरच्या ओळीत मधोमध हसत होते. मूळचा फोटो कपाटाच्या दारावरच राहिला. पिरोश्का म्हणाली होती की साखरेशेजारचा काढायचा नाही, साखरेला सवय झाली आहे.

रांग दुकानासमोर आली तेव्हा एमेशे क्षणभर बाहेर पडली, पिशवीतून लंबगोल काढला आणि दाराशी उभ्या असलेल्या वेंडेल सरांच्या हातात दिला. गणिताच्या पुस्तकात ठेवल्याने तो अगदी सपाट झाला होता.

सरांनी तो उलटसुलट पाहिला आणि तिला परत दिला. "ठेव. शेवटचा आहे. डोक्यावर लटकव."

ती हसत रांगेत शिरली. मागच्या मुलाने तिच्या खांद्यावर परत हात ठेवला आणि रांग पुढे सरकली.

पिरोश्का दाराबाहेर आली होती, पुढच्या दाराने, मिरवणूक बघायला. पण मिरवणूक सोडून ती काचेकडे बघत राहिली. इतकी वर्षं ताब्लो तिच्याच दुकानात लागत होते आणि रोज तिला दिसत होती ती त्यांची पाठ. तिने आधी काचेतल्या सरांना पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या सरांना, जणू दोन्ही प्रती जुळतात का ते तपासत होती.

"क्रेमेश झाकून ठेवलंय," ती म्हणाली, हळू, पण बोरीला ऐकू गेलं.

बोरीने कॅमेरा डोळ्याला लावला. या वेळी रांगेतून कोणाला काही बोलावं लागलं नाही.